परसातल्या कोंबड्यांचे विषाणूजन्य रोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात आठ-दहापासून पन्नासेक कोंबड्या असलेल्या घरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मग त्या गावरान असोत, नाहीतर गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींच्या असोत. मोठ्या पोल्ट्रीला डॉक्टर मिळतो, लसीचं वेळापत्रक मिळतं, कंपनीचा सुपरवायझर येऊन बघून जातो. परसातल्या कोंबडीच्या वाट्याला यातलं काही येत नाही. घरातल्या बाईच्या हातात येणारा अंड्यांचा पैसा मात्र याच कोंबड्यांवर चालतो. उत्तरं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल. विषाणूचा रोग एका खुराड्यात राहत नाही, तो वाडीभर फिरतो, आणि एकट्या घराने तो थांबत नाही.

रात्री सगळ्या ठीक होत्या, सकाळी दोन मेलेल्या सापडल्या. आधी काय करू?

उरलेल्या कोंबड्या बाहेर सोडू नका. हीच पहिली गोष्ट, आणि नेमकी हीच राहून जाते, कारण सकाळी खुराड्याचं दार उघडायची हाताला सवय असते. ज्या सुस्त दिसतात त्या वेगळ्या काढून डालग्याखाली ठेवा, धडधाकट दिसतात त्यांना खुराड्यातच दाणा-पाणी द्या. मेलेल्या कोंबड्या उघड्या हाताने धरू नका. प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून उचला आणि कुत्रं-मांजर पोचणार नाही अशा जागी झाकून ठेवा.

मग शेजारी विचारा. त्यांच्याकडेही मर लागली असेल तर गोष्ट गंभीर आहे. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा नंबर आहे. फोनवर चार गोष्टी नीट सांगा: एकूण कोंबड्या किती, मेल्या किती, पहिली कधी मेली, आणि गेल्या पंधरा दिवसांत बाहेरून कोंबडी आणली होती का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं.

हा रोग विषाणूचाच आहे हे कसं ओळखायचं?

घरच्या घरी शंभर टक्के ओळखता येत नाही. डॉक्टरसुद्धा खात्रीसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्याकडे पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे तपासणी होते. पण अंदाज बांधता येतो. पिल्लू, तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी), कोंबडा, जुनी कोंबडी असा कुठलाच भेद न करता तीन-चार दिवसांत धडाधड मर लागली आणि रोग घराघरांतून पुढे सरकत गेला, तर विषाणूचा संशय आधी घ्यायचा.

फक्त पिल्लंच मरताहेत आणि विष्ठेत रक्त आहे, तर ती बहुधा रक्ती हगवण. ती विषाणूने होत नाही आणि तिच्यावर औषध आहे. एका दुपारी, एकाच घरच्या सगळ्या कोंबड्या तडफडून गेल्या आणि शेजारच्या शेतात त्याच सकाळी फवारणी झाली होती, तर विषबाधा बघा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खुराड्यात चोच उघडी टाकून धापा टाकत मेल्या, तर उष्माघात. हा फरक करायलाच हवा, कारण ‘रोग आला’ म्हणून हातपाय गाळून बसलेल्या घरात कधी कधी साध्या औषधाने वाचतील अशा कोंबड्याही मरून जातात.

मानमोडी म्हणजे काय?

मानमोडी म्हणजेच राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत या गावी १९२०च्या दशकाच्या अखेरीस हा रोग भारतात प्रथम नोंदवला गेला, म्हणून ते नाव. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला तो आढळला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. परसातल्या कोंबडीचा हा सगळ्यात मोठा शत्रू. लस नसलेल्या कळपात शिरला तर दहापैकी आठ-नऊ कोंबड्या सहज जातात, कधी एकही उरत नाही.

विषाणू शरीरात गेल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात. कधी दोन दिवसांत, कधी पंधरवडा जातो. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, दाण्याकडे बघत नाही, हिरवट पाणचट हगते, घशातून घरघर येते. जी लगेच मरत नाही तिची मान वळते. डोकं पाठीकडे किंवा एका बाजूला मुरगळून राहतं, दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडे पडते आणि ती स्वतःभोवती गोल फिरत राहते. पाय किंवा पंख लुळा पडतो. अंड्यावरच्या कोंबड्या अंडी बंद करतात किंवा मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी देतात.

ती उन्हाळ्याच्या तोंडालाच का येते?

विषाणू बाराही महिने असतो. पण शिमग्यापासून पुढे गावोगावी जत्रा लागतात, नवस फेडायचे असतात, लग्नसराई असते, पाहुणे-रावळे येतात. कोंबड्यांची ने-आण सगळ्यात जास्त याच दिवसांत होते. आठवडे बाजारात दहा गावच्या कोंबड्या एकाच पाटीत पाय बांधून पडलेल्या असतात आणि संध्याकाळी दहा गावांना जातात. त्यात उन्हाचा ताण, पाण्याची टंचाई. रोगाला याहून सोयीचे दिवस नाहीत. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत वाडीतली लस झालेली असावी.

मानमोडीवर कुठलं औषध द्यायचं?

एकही नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट. मेडिकलमधून आणलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून चोचीत ओतायची पद्धत गावोगाव आहे. प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. रोगाने खचलेल्या कोंबडीला वरून जिवाणूंचा संसर्ग झाला तर डॉक्टर ते देतात, पण तो निर्णय त्यांचा. मनाने देऊ नका. पैसे जातात, अंड्या-मांसात औषधाचा अंश उतरतो, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

हळद, लसूण, कांदा यांनी अपाय होत नाही, पण मानमोडी बरी होत नाही. ‘आमच्याकडे हळदीने वाचली’ असं सांगणाऱ्यांची ती कोंबडी वाचणारच होती.

शुश्रूषेचा मात्र उपयोग आहे. आजारी कोंबडी उबेला ठेवा. लिटरभर पाण्यात थोडा गूळ आणि चिमूट मीठ घालून ते पाणी थेंब-थेंब चोचीच्या कडेने पाजा. सरळ घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. भिजवलेली कणी किंवा मऊ भात बोटाने भरवा. मान मुरगळलेली कोंबडी स्वतःहून टिपू शकत नाही, पण पुढ्यात दाणा पडलेला दिसतो म्हणून ती खात असेल असं वाटतं. अशी कोंबडी अनेकदा रोगातून तगते आणि उपासमारीने मरते. आणि कामाचा क्रम पाळा: आधी धडधाकट कोंबड्यांचं दाणा-पाणी, मग आजाऱ्यांचं, त्यानंतर हात-पाय साबणाने धुणं. उलट क्रमाने गेलात तर रोग तुमच्याच हाताने खुराड्यात जाईल.

गावरान कोंबडी काटक असते. तिला लसीची काय गरज?

काटक असते हे खरं. ऊन-पाऊस सोसते, उकिरड्यावर पोट भरते, बारीकसारीक आजार अंगावर काढते. राणीखेतीपुढे मात्र तो काटकपणा कामाला येत नाही. कडकनाथही नाही.

मग लस कोणती आणि कधी?

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की राणीखेतीची पहिली लस, लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस (गंबोरो हा पिल्लांचा विषाणूरोग, त्याबद्दल खाली आहे). विकत आणलेल्या सुधारित पिल्लांना ती जरूर द्यावी. चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा थेंब. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांत राणीखेतीचं आर-टू-बी, पंखाखाली कातडीत अर्धा मिली टोचून.

आर-टू-बी बद्दल एक इशारा. ही लस जरा कडक आहे. आधी लासोटा किंवा एफ-१ न मिळालेल्या पिलांना, दीड-दोन महिन्यांखालच्या पिलांना किंवा आजारी कोंबडीला ती टोचली तर लसीनेच पाय लुळे पडू शकतात. टोचणी गावात आली म्हणून खुराड्यातली लहान पिल्लंही पुढे करू नका.

पुढची लस कधी, हे तुमच्या भागातल्या रोगाच्या जोरावर डॉक्टर सांगतील. नुसत्या लासोटाच्या थेंबावर राहायचं असेल तर तो दर तीन-चार महिन्यांनी द्यावा लागतो. लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध दिलं तर लस चांगली लागते. जंतांनी पोखरलेल्या कोंबडीत प्रतिकारशक्ती नीट उभी राहत नाही.

लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते. माझ्याकडे बाराच कोंबड्या आहेत. उरलेली ठेवता येते का?

नाही. आणि परसातल्या कोंबड्यांना लस न मिळण्याचं खरं कारण हेच आहे, अज्ञान वगैरे नंतर. बाटलीतली सुकी वडी एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली सकाळी वापरली तर ते नुसतं पाणी असतं. मग बारा कोंबड्यांसाठी कोण कशाला बाटली फोडेल?

बाटली वाडीची करायची. आठ-दहा घरं मिळून शंभर कोंबड्या सहज भरतात. एक दिवस ठरवा. बाजाराच्या आदल्या दिवशीचा नको, कारण दुसऱ्या दिवशी कोंबड्या विकायला न्यायच्या असतात. बचत गट असेल तर फारच उत्तम, बैठकीतच यादी होते आणि पैसेही तिथेच गोळा होतात. वाटणीला एका कोंबडीमागे फार थोडी रक्कम येते, एका अंड्याच्या किमतीतही भागतं. लसीसाठी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. औंधच्या सरकारी संस्थेत पशु-पक्ष्यांच्या लसी तयार होतात आणि दवाखान्यांमार्फत येतात. तिथे शिल्लक नसेल तर तालुक्याच्या पशुऔषधांच्या दुकानात मिळते.

दुकानातून लस आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. शर्टाच्या खिशातून, एसटीत तास-दीड तास उन्हात आलेली लस वापरण्यात अर्थ नाही. घरी ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीजच्या दारात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. ज्या गावात दिवसाचे आठ तास वीज जाते तिथे लस आदल्या दिवशी आणूच नका, त्याच दुपारी आणा.

एखादं घर ‘आम्हाला नको’ म्हणतंच. त्यांच्यासाठी थांबू नका, पण त्यांच्याशी वादही घालू नका. पुढच्या वेळी तेच घर आधी येतं, कारण मधल्या उन्हाळ्यात काय झालं ते वाडीने पाहिलेलं असतं.

डोळ्यात थेंब नेमका कसा टाकायचा?

संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात बसल्यावर. दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी घाबरून आधीच अर्धमेली होते आणि पाच-सहा निसटतात ते वेगळंच. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात एकेक हातात येते.

दोघं लागतात. एकाने कोंबडी काखेत धरायची, पंख अंगाशी दाबून, एका हाताने डोकं आडवं करून डोळा वर. दुसऱ्याने ड्रॉपर उभा धरून बोटभर अंतरावरून एक थेंब सोडायचा. ड्रॉपरचं टोक बुबुळाला लागू द्यायचं नाही. थेंब पडला की लगेच सोडायची नाही. कोंबडी आतला पांढुरका पडदा ओढून डोळा मिटते, पुन्हा उघडते, आणि थेंब नाहीसा झालेला दिसतो. मगच सोडायची. थेंब गालावरून ओघळला तर दुसरा टाका. दिलेली कोंबडी वेगळ्या डालग्यात टाकत जा, नाहीतर कुठली झाली आणि कुठली राहिली यावरून रात्रभर चर्चा चालते.

पाण्यातून लस देण्याची पद्धत मोठ्या शेडसाठी ठीक आहे. परसातली कोंबडी मोरीचं, डबक्याचं, गोठ्यातलं पाणी पिते, त्यामुळे तुमच्या भांड्यातलं किती गेलं याचा पत्ता लागत नाही. तरी पाण्यातूनच द्यावी लागली तर पाणी ब्लिचिंग पावडर न टाकलेलं असावं, त्यात थोडी दूध पावडर मिसळावी, आणि आधी एक-दोन तास कोंबड्यांना पाणी देऊ नये.

लस देताना स्वतःचा डोळा चोळू नका. माणसाच्या डोळ्यात गेली तर डोळे आल्यासारखे लाल होतात, काही दिवसांत आपोआप बरे होतात.

लस दिली तरी कोंबड्या मेल्या. मग काय उपयोग?

लस देणाऱ्यावर राग काढण्याआधी तारखा बघा. लस दिल्यावर अंगात ताकद यायला एक ते दोन आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेल्या कोंबडीच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. दुसरी शक्यता थंडाव्याची, म्हणजे लस वाटेत तापली. तिसरी, पिल्लांना एकच थेंब दिला आणि दुसरा राहिला. चौथी, तो रोग मानमोडी नव्हताच. राणीखेतीची लस देवीला किंवा गंबोरोला अडवत नाही.

वाडीत रोग सुरू झाला आहे. आता लस द्यावी का?

आजारी कोंबड्यांना नाही. ज्या घरात रोग अजून पोचलेला नाही तिथे डॉक्टरांना विचारून लासोटा द्यायला हरकत नसते, पण क्रम बाहेरून आत असावा: लांबची घरं आधी, रोगाच्या शेजारची घरं शेवटी. लस देणारा माणूस आजारी घरात जाऊन मग पुढच्या घरी गेला तर लसीच्या फेरीनेच रोग वाडीभर पसरतो. मात्र मर अचानक आणि फार मोठी असेल, डोकी सुजलेली, तुरे काळे-निळे दिसत असतील तर लसीचा विचार सोडा आणि आधी कळवा. बर्ड फ्लूचं उत्तर खाली आहे.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या आल्या आहेत. हा काय प्रकार?

देवी. मानमोडीइतकी घातक नाही, हळूहळू पसरते, आणि नीट काळजी घेतली तर बऱ्याच कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसते, कारण डास तिचा प्रसार करतात. कोंबडीच्या तुऱ्यावर बसलेला डास दुसऱ्या कोंबडीला चावला की झालं. कोंबड्यांच्या झुंजीत झालेल्या जखमेतूनही शिरते.

सुरुवातीला तुऱ्यावर, गलोलीवर (चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर), पापण्यांवर फिकट पुटकुळ्या येतात, मग त्या वाढून काळपट खपल्या धरतात. खपल्या ओरबाडून काढू नका, त्यातच विषाणू असतो आणि तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी करून कापसाने पुसा, आयोडीन लावा. खरा धोका डोळ्याचा आहे. पापण्या चिकटून बंद झाल्या की कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती भुकेने खंगते. रोज सकाळी कोमट पाण्याने डोळे मोकळे करा आणि पाण्याचं भांडं तिच्या चोचीपाशी न्या.

देवीचा दुसरा प्रकार तोंडात होतो. चोच उघडली की आत पिवळसर साका दिसतो, श्वास घ्यायला त्रास होतो. हा वाईट, यात कोंबड्या मरतात. डॉक्टरांना दाखवा.

देवीच्या बाबतीत एक सोय आहे: थोड्याच कोंबड्यांना लागण झाली असेल तर उरलेल्या निरोगी कोंबड्यांना लगेच लस देता येते, कारण रोग सावकाश चालतो. पंखाच्या पातळ पडद्यात टोचलेली लस लागली की नाही हे आठ-दहा दिवसांनी कळतं. टोचल्या जागी बारीक फोड किंवा खपली हाताला लागली पाहिजे. खुराड्याजवळचे टायर, करवंट्या, फुटके माठ रिकामे करा. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा तर खुराड्याच्या बाहेर आणि बेताने, कोंडलेल्या धुराने कोंबड्यांच्या छातीला त्रास होतो.

तीन-चार महिन्यांची तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून बसते. उठता येत नाही.

मरेक्स असू शकतो. या रोगात विषाणू नसांवर जातो. एखाद्या कोंबडीच्या डोळ्याचं बुबुळ राखाडी पडतं, पोटात गाठी होतात. उपाय नाही. लस अंड्यातून बाहेर पडल्याच्या पहिल्याच दिवशी द्यावी लागते, त्यामुळे ती उबवणी केंद्रातच होते. सुधारित पिल्लं विकत घेताना ‘मरेक्सची लस झाली आहे का’ हे विचारूनच घ्या. फेरीवाल्याच्या पाटीतल्या रंगवलेल्या पिल्लांबाबत या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाही, तेव्हा ती न घेतलेली बरी. पण लंगडेपणा जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही येतो, म्हणून मरेक्सचा शिक्का मारण्याआधी दाखवून घ्या.

गंबोरो फक्त ब्रॉयलरला होतो ना?

नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या कुठल्याही पिल्लाला होतो. पांढरट पाणचट हगवण, पिल्लू स्वतःच्याच गुदद्वारावर चोच मारतं, अंग थरथरतं. वाचलेली पिल्लंही अशक्त राहतात, कारण हा विषाणू प्रतिकारशक्ती तयार करणाऱ्या ग्रंथीवरच घाव घालतो. मग पुढची राणीखेतीची लसही नीट लागत नाही.

बर्ड फ्लू आणि मानमोडी यांत फरक कसा करायचा?

डोळ्यांनी करता येत नाही, आणि हे निःसंकोच मान्य केलेलं बरं. दोन्हींत अचानक मर, दोन्हींत श्वासाचा त्रास, दोन्हींत हगवण. बर्ड फ्लूत डोकं-चेहरा सुजणं, तुरा आणि गलोल निळसर-काळी पडणं, पायांच्या उघड्या कातडीवर लाल-जांभळे डाग ही लक्षणं जास्त दिसतात. दिसतीलच असं नाही. निर्णय प्रयोगशाळेचा. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांची मोठी मर झाली, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, त्यांच्यातही तोच. म्हणून गावात कावळे, बगळे, पाणपक्षी मेलेले दिसले तर कोंबड्या कोंडून ठेवा आणि कळवा, तुमची एकही कोंबडी आजारी नसली तरी.

बर्ड फ्लूचा संशय असेल तर मेलेली कोंबडी कापून आत बघायचा मोह आवरा. हा विषाणू माणसाला होऊ शकतो, आणि तो मुख्यतः आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळताना, सोलताना, पिसं काढताना. अशा कोंबड्या हाताळलेल्या कुणाला आठवडा-दहा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

कळवलं तर सरकारी माणसं येऊन सगळ्याच कोंबड्या मारतील. गप्प बसलेलं बरं नाही का?

ही भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. बर्ड फ्लू पक्का झाला तर ठरलेल्या परिसरातल्या, सर्वसाधारणपणे एक किलोमीटरच्या आतल्या, सगळ्या कोंबड्या नष्ट करतात. ज्या बाईने पिल्लापासून वाढवल्या तिच्या डोळ्यांदेखत हे होतं.

तरीही कळवा, आणि लवकर कळवा. नुकसानभरपाई पथकाने नष्ट केलेल्या कोंबड्यांची मिळते. त्याआधी रोगाने मेलेल्या कोंबड्यांची मिळत नाही. चार दिवस वाट पाहिली तर कोंबड्याही जातात आणि भरपाईही. शिवाय २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आला की कळवणं मालकावर बंधनकारक आहे. आणि दर मरीमागे बर्ड फ्लू नसतो. बहुतेक वेळा ती मानमोडीच निघते, तिच्यासाठी कुणी गाव रिकामं करत नाही.

गप्प बसण्याचा जोडीदार म्हणजे घाईची विक्री. कोंबड्या मरायला लागल्या की उरलेल्या पटकन बाजारात काढायच्या, चार पैसे तरी सुटतील. आजवर गावोगावी मानमोडी फिरली ती जास्त करून याच वाटेने. तुम्ही विकलेली ती सुस्त कोंबडी पुढच्या गावी एखाद्या विधवेच्या खुराड्यात जाते.

आजारी कोंबडी मरायच्या आत कापून खाल्ली तर चालेल का?

नको. नीट शिजवलेल्या मांसात, म्हणजे आतपर्यंत ७० अंशांवर तापलेल्या मांसात, हे विषाणू जिवंत राहत नाहीत. म्हणून बाजारातलं निरोगी चिकन आणि उकडलेली अंडी खायला भीती नाही. पण आजारी कोंबडी कापताना रक्त, पिसं, आतडी अंगणात पडतात, सुरी-पाट तसेच स्वयंपाकघरात जातात. धोका ताटात येण्याआधीचा आहे. आतडी उकिरड्यावर गेली की कावळे-कुत्री ती गावभर नेतात.

मेलेल्या कोंबड्यांचं काय करायचं?

खड्डा. विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब, निदान तीन-चार फूट खोल. तळाला चुना, मग कोंबडी, वर पुन्हा चुना, मग माती दाबून. वर दगड किंवा काटेरी फांद्या टाका, कुत्री उकरतात. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला फेकणं म्हणजे खालच्या वाडीला रोग पाठवणं.

बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आणलेली कोंबडी किती दिवस वेगळी ठेवू?

दोन ते तीन आठवडे, वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला. मामाने प्रेमाने दिलेली असली तरी. आणि बाजारातून न विकली गेलेली तुमचीच कोंबडी परत आली, तर तिलाही हाच नियम. ती दिवसभर परक्या कोंबड्यांत बसून आलेली असते.

कोंबड्यांसोबत बदकं किंवा कबुतरं पाळली तर?

टाळा. बदकाच्या अंगात बर्ड फ्लूचा विषाणू असूनही ते खुशाल पोहत राहतं, आणि शेजारची कोंबडी मरते. कबुतरांनाही राणीखेतीच्या जातीचा विषाणू होतो.

रोगातून वाचलेली कोंबडी ठेवावी का?

मानमोडीतून वाचलेली कोंबडी पुढे काही काळ त्या रोगाला दाद देत नाही, पण बरी दिसू लागल्यावरही काही आठवडे तिच्या विष्ठेतून विषाणू पडू शकतो. महिनाभर वेगळी ठेवा, मग मिसळा. त्या काळातली अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवू नका. देवीतून उठलेली कोंबडी बिनधास्त ठेवा. मरेक्स झालेली ठेवू नका, ती जन्मभर विषाणू सोडत राहते.

सगळ्या गेल्या. नवीन पिल्लं कधी आणू?

लगेच नाही. रिकामं खुराडं बघवत नाही, मुलंही मागे लागतात, पण घाईने आणलेली पिल्लं त्याच रोगाने जातात.

आधी खुराड्यातलं सगळं तूस, पेंढा, विष्ठा खरवडून काढा आणि जाळा किंवा खोल पुरा. ते शेतात खत म्हणून टाकू नका. भांडी, खुराड्याच्या फळ्या, बसायच्या दांड्या साबणाच्या पाण्याने घासा. घाण निघाल्याशिवाय वर ओतलेलं औषध वाया जातं. मग ब्लिचिंग पावडरचं पाणी, सुकल्यावर भिंतींना आणि जमिनीला चुन्याचा हात. फळ्या काढून कडक उन्हात टाका. राणीखेत आणि बर्ड फ्लूचे विषाणू साबण आणि उन्हापुढे फार टिकत नाहीत. गंबोरो, मरेक्स आणि देवीचे चिवट असतात, त्यांच्यासाठी जुनी दांडी, जुनी पाटी सरळ जाळून टाका.

खुराडं निदान महिनाभर रिकामं ठेवा. बर्ड फ्लूमुळे रिकामं झालं असेल तर मुदत तुम्ही ठरवायची नाही, पशुसंवर्धन विभाग परवानगी देईल तेव्हाच. त्या महिन्यात शेजाऱ्यांकडे काय चाललंय ते बघा. त्यांच्याकडे अजून मरतुक असेल तर तुमचा महिना मोजायला सुरुवात झालेली नाही. आणि पिल्लं आणायची तारीख एकट्याने ठरवू नका. चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात आणली तर सगळी एका वयाची राहतात, पाचव्या ते सातव्या दिवशीचा पहिला थेंब एकाच संध्याकाळी होतो, आणि एक बाटली सगळ्यांना पुरते.